दातांच्या घराची दर्शनी लांबी

आमच्या घराची रस्त्याकडची भिंत सरळ नाही. ती दोन-तीन पावलं नीट चालते, मग एकदम आत वळते, आतल्या आत थोडी फिरते, पुन्हा बाहेर येते आणि असं नऊ वेळा करून शेवटी कोपऱ्यावर दमल्यासारखी थांबते. या सगळ्या खाचा आईच्या वडिलांनी केल्या. ते गवंडी होते. दुसऱ्यांच्या सरळ भिंती बांधून त्यांना इतका कंटाळा आला होता, की स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा त्यांनी प्रत्येक खाचेत एक दगडी बाक बसवला, रस्त्यानं जाणाऱ्यांसाठी. कोणीही येऊन बसतं. कोणी पिशवी टेकवतं, कोणी बुटाची नाडी बांधतं, आणि तिसऱ्या खाचेत रोज संध्याकाळी दोन आजोबा एकमेकांशी न बोलता तासभर बसतात.

लांबून पाहिलं तर भिंतीला दात फुटल्यासारखे दिसतात, म्हणून अख्खा रस्ता आमच्या घराला दातांचं घर म्हणतो. आता गंमत अशी की शेजारी खरोखरच दातांचे डॉक्टर राहतात. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कोणीतरी गाल धरून आमच्या दारात येतं आणि आई हातातला पाना न ठेवता बोटानं पुढचं दार दाखवते.

पाना, कारण आईचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आमची जागा पट्टीसारखी आहे, लांबच लांब आणि अरुंद. खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागून एक, सगळ्या रस्त्याला चिकटून. त्यातला पहिला डबा म्हणजे दुकान. छताला टांगलेली चाकं, भिंतीवर आईनं खडूनं काढलेल्या प्रत्येक हत्याराच्या बाह्याकृती, म्हणजे कुठलं हत्यार जागेवर नाही ते लगेच कळावं. आई चाक फिरवते, डोळे मिटते आणि आवाजावरून सांगते की कुठली तार सैल आहे. माणसांशी ती इतकं लक्ष देऊन बोलत नाही. बाबा इस्पितळात परिचारक आहेत. त्यांच्या पाळ्या बदलत असतात, त्यामुळे आमच्याकडे जेवायची वेळ कधी काय असेल याचा नेम नाही.

तर दोन-तीन महिन्यांपूर्वी मोजणीकाका आले. नगरपालिकेचे मोजणीदार. डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी आणि हातात लांब दांड्याचं चाक, जे दर मीटरला टिक् करतं. रस्ता नवा करायचा, पदपथ करायचा, दोन्ही बाजूंनी पाण्याचा निचरा होईल अशी गटारं करायची, म्हणून मोजणी. मी शाळेतून येत होते, ते दिसले आणि मी त्यांच्या बरोबरीनं चालू लागले. कारण मला असलं काही दिसलं की पाय आपोआप वळतात. डॉक्टरांचं घर नऊ टिक्‌मध्ये संपलं. मग आमची भिंत आली, आणि काका थांबले, चष्मा पुसला आणि चाक खाचेत घातलं. आत, आडवं, बाहेर. आत, आडवं, बाहेर. तिसऱ्या खाचेतल्या आजोबांना म्हणाले, "पाय जरा वर घ्या." दोघांनी निमूटपणे पाय वर घेतले, चाक खालून गेलं, दोघांनी पाय खाली ठेवले.

"काका, केवढं बारीक काम करता," मी म्हणाले.

"एक वीतसुद्धा सोडत नाही मी," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं झाली. कोणाची हरकत आली नाही."

मला ते फार आवडले.

मग मंगळवारी नोटीस आली. बाबांची पाळी रात्रीची होती म्हणून ते दुपारी घरी होते. आम्ही तिघं दुकानातच उभ्या उभ्या वाचत होतो. रस्ता सुधारणा आकार, असं वर लिहिलं होतं, आणि खाली आकडा. आईनं कागद बाबांना दिला. बाबांनी वाचला आणि पुन्हा आईला दिला, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर तो कमी होईल.

"किती महिन्यांची कमाई?" मी विचारलं. आमच्याकडे सगळे आकडे आईच्या दुकानाच्या महिन्यांत मोजतात.

"चौदा," आई म्हणाली.

"आणि साठवलेले?"

"साडेनऊ."

मग बाबा म्हणाले, "म्हणजे रस्त्यात खड्डे होते म्हणून पंक्चर व्हायची, पंक्चर व्हायची म्हणून दुकान चालायचं, आणि आता खड्डे बुजवायला आपणच पैसे द्यायचे."

आईला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. कारण तिला जे दिसत होतं ते मलाही दिसत होतं. समोरच्या बाजूला औषधवाले राहतात. त्यांना कधीपासून आमची पहिली खोली हवी आहे, कारण बसचा थांबा आमच्या बाजूला आहे आणि आजारी माणसाला रस्ता ओलांडायचा कंटाळा येतो. ते वाईट नाहीत. पण दुकानात हवा भरायला आले की त्यांचे डोळे भिंतींवर फिरतात आणि कुठं कपाट बसेल ते ठरवून येतात. नोटीस त्यांनाही आली होती. त्याच संध्याकाळी ते आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आता तरी विचार करा. रोख देतो."

"बघते," आई म्हणाली.

तिनं याआधी कधी बघते म्हटलं नव्हतं. दरवेळी नाही म्हणायची. खोली गेली की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की आईला चौकातल्या मोठ्या दुकानात नोकरीला जावं लागणार, जिथं म्हणे चाक दुरुस्त करत नाहीत, काढून टाकतात आणि नवं घालतात.

त्या दिवशी मी नोटीस पाठ होईपर्यंत वाचली. मला यंदा मोठ्यानं वाचायची सवय लागली आहे. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात मला कुजबुज म्हणायचे, कारण माझं उत्तर पहिल्या बाकापलीकडे जायचं नाही. मग शाळेच्या ध्वनिक्षेपकावर सूचना वाचणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी जवळ उभी होते म्हणून मला पुढे ढकललं, आणि माझा आवाज मैदानाच्या टोकाला जाऊन परत आला. तो मलाच इतका आवडला, की आता घरातली वाण्याची यादीसुद्धा मी सूचनेसारखी वाचते. तर मी दुकानात उभी राहून वाचत होते, "रस्त्यास लागून असलेल्या प्रत्येक मिळकतीची दर्शनी लांबी, हद्दीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजून, एकूण खर्च त्या प्रमाणात विभागण्यात येईल."

"हळू," आई म्हणाली. "गिऱ्हाईक पळेल."

"आई, सरळ रेषेत."

"काय सरळ रेषेत?"

"मोजायचं. आणि काकांनी भिंतीला चिकटून मोजलं. प्रत्येक दातात जाऊन आले ते."

आईनं पाना खाली ठेवला. खडूच्या आकृतीत नाही, असाच बाकड्यावर, यावरून समजा. आम्ही दोघी कपडे मोजायची फीत घेऊन बाहेर गेलो. ती दीड मीटरचीच होती, त्यामुळे आम्ही आमच्या घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोगलगायीसारख्या सरकत गेलो, मी खडूनं खुणा करत आणि आई फीत धरत. एकेचाळीस मीटर. नोटिशीत अठ्ठावन्न लिहिले होते. सतरा मीटर आमच्या भिंतीच्या दातांत अडकले होते.

मी उड्या मारत लाँड्रीवाल्या काकूंकडे गेले. त्यांची लाँड्री आमच्यापासून चौथ्या घरात आहे आणि आनंदाची बातमी सगळ्यात आधी त्यांना सांगायची असा माझा लहानपणापासूनचा रिवाज आहे. काकूंनी इस्त्री उभी केली, सगळं ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर थोपटलं. मग त्यांचा हात पाठीवरच थांबला.

"मग तुमचे सतरा मीटर कमी झाले तर त्यांचा खर्च कोण देणार?"

"कोण म्हणजे?"

"एकूण खर्च तर तोच ना गं. तो वाटायचा आहे. तुमच्या वाटणीचा उरलेला आमच्या ताटात येणार."

मी उभीच राहिले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गणितात मला बरे गुण असतात, पण गणितातल्या लोकांना शेजारी नसतात.

दुसऱ्या दिवशीपर्यंत बातमी दोन्ही बाजूंनी फिरून आली. डॉक्टर पायरीवर उभे राहून म्हणाले, "काय हो, स्वतःचे दात काढून आमच्या तोंडात बसवणार म्हणे?" ते हसत होते, पण त्यांचा मुलगा, जो एरवी मला रोज गृहपाठ विचारतो तो, आज खिडकीतच राहिला. औषधवाले म्हणाले, "हक्क आहे वहिनी तुमचा. आम्ही भरू की थोडं जास्त," आणि हे वाक्य त्यांनी इतकं गोड म्हटलं की आईच्या कपाळावर आठी पडली.

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "नगरपालिकेकडे हरकत नको द्यायला."

"का?" बाबा आणि मी एकदम.

"हिशेब केला मी. दात सोडले तरी दहाच्या वर जातंय. आपल्याकडे साडेनऊ. तरी कमी पडणारच. मग कशाला? शिवाय मला त्या लाँड्रीवाल्या बाईकडे रोज बघायचं आहे. पंधरा वर्षं तिच्या पोरांच्या सायकली माझ्याकडे येतात. आपलं ओझं उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवायचं आणि सकाळी बरं आहे ना म्हणून विचारायचं, हे मला जमणार नाही."

"मग खोली?" मी विचारलं.

आई वाढत राहिली. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आत्ता गप्प बस.

मी गप्प बसले, आणि गप्प बसले की मला काहीतरी मोजावंच लागतं. नोटिशीच्या मागे सगळ्या मिळकतींची यादी होती, एकतीस घरं आणि दुकानं, प्रत्येकासमोर मीटर. मी बेरीज केली. चारशे सदतीस. पुन्हा केली, तेवढीच. आणि पहिल्या पानावर, कामाच्या वर्णनात, लिहिलं होतं: रस्त्याची लांबी दोनशे चाळीस मीटर, पुलापासून चौकापर्यंत. आमच्या रस्त्याला मध्ये एकही गल्ली फुटत नाही. म्हणजे एका बाजूचे दोनशे चाळीस, दुसऱ्या बाजूचे दोनशे चाळीस, मिळून चारशे ऐंशी व्हायला हवेत. आमचे खोटे सतरा काढले तर यादीत फक्त चारशे वीसच उरत होते.

साठ मीटर रस्ता कोणाच्याच समोर नव्हता.

आता तुम्ही म्हणाल की हे मला लगेच कळायला हवं होतं, रोज त्याच रस्त्यानं तर जाते. पण खरं सांगते, जे कायम तिथं असतं ते दिसत नाही. मी घरं आठवत बसले आणि मला प्रत्येक दार आठवलं, प्रत्येक कुत्रा आठवला, पण साठ मीटर सापडेनात. म्हणून रविवारी सकाळी मी लाँड्रीवाल्या काकूंकडे गेले आणि कपडे वाळत घालायची मोठी दोरी मागितली.

"कशाला?"

"रस्ता मोजायला. तुमचं ओझं वाढवायला नाही, काकू. हरवलेले साठ मीटर शोधायला."

काकूंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग दोरी खुंटीवरून काढली आणि म्हणाल्या, "एक टोक मी धरते. तू धरलंस तर सैल धरशील."

दोरी बरोबर वीस मीटरची होती, आम्ही आईच्या फितीनं मोजून घेतली. पुलापासून सुरुवात केली. काकू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. ताणायचं, खडूनं रेघ, पुढे जायचं. पहिल्या दोरीला आम्ही दोघीच होतो. दुसऱ्या दोरीला डॉक्टरांचा मुलगा खडू घेऊन आला. तिसऱ्या दोरीला डॉक्टर स्वतः, झोपायच्या कपड्यांतच, "मध्ये झोळ पडतोय, मध्ये झोळ पडतोय" म्हणत दोरी मधून उचलून धरायला लागले. औषधवाले दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभे होते. पाचव्या दोरीला म्हणाले, "असं नाही मोजत, ओढ सारखी पाहिजे." सहाव्या दोरीला त्यांनी काकूंच्या हातून टोक घेतलं. काकू म्हणाल्या, "घ्या, तुम्हाला औषधं मोजायची सवय आहेच," आणि कमरेवर हात ठेवून मागून सूचना द्यायला लागल्या.

तिसऱ्या खाचेतले दोघं आजोबा रविवार असून सकाळी आले. त्यातले एक माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, "पाय वर घ्यायचे का?"

"नाही आजोबा. आज सरळ जायचंय."

त्यांना जरा वाईट वाटलं असावं.

आई दुकानाच्या दारात उभी होती. ती बाहेर आली नाही, पण हातातलं काम थांबलं होतं आणि आईचं काम थांबणं म्हणजे दुसऱ्या कोणी नाचण्यासारखं आहे. एक बाजू झाली. बारा दोऱ्या, सगळ्या यादीतल्या घरांसमोर, एक इंच इकडे तिकडे नाही. मग चौकाकडून दुसऱ्या बाजूनं परत. एक, दोन, तीन, चार. डॉक्टरांचा मुलगा यादी हातात धरून ओरडत होता, "चावीवाला, झाला. रंगाचं दुकान, झालं. नववी दोरी संपली. दहावी कोणाची?"

आम्ही सगळ्यांनी मान वर केली. समोर तारेचं कुंपण, कुंपणाला चढलेली वेल आणि आत चार पायांवर उभी असलेली पाण्याची टाकी. तिच्या सावलीत आम्ही लहानपणी लपाछपी खेळलो आहोत. पुलापर्यंत तिचंच कुंपण. दहावी, अकरावी, बारावी. तीन दोऱ्या. साठ मीटर.

"ही कोणाची?" काकूंनी विचारलं.

औषधवाल्यांनी यादी घेतली, वरून खाली बघितली, खालून वर बघितली. मग दोरीचं टोक तसंच हातात धरून ते हसायला लागले. "नगरपालिकेची," ते म्हणाले. "आपल्याला पाणी पाजते आणि स्वतःचं बिल आपल्याच नावावर टाकते."

मी पळत दुकानात गेले आणि आईला हिशेब दाखवला. चारशे वीसमध्ये टाकीचे साठ घातले की चारशे ऐंशी. दर खाली येतो. काकूंचा नोटिशीपेक्षा कमी होतो, डॉक्टरांचा कमी होतो, सगळ्यांचाच कमी होतो, आणि आमचा आकार नऊ महिन्यांवर येतो. आईनं तो कागद घेतला, पेन्सिलीनं प्रत्येक ओळ स्वतः पुन्हा केली. तिला माझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण ती कोणाच्याही हातचा नट पुन्हा एकदा आवळतेच.

"मग द्यायची हरकत?" मी विचारलं.

"द्यायची," आई म्हणाली. "पण बोलणार तू. मला चारचौघांत शब्द सापडत नाहीत."

सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या दालनात होती. लांब टेबल, त्याच्या मागे अभियंताबाई, बाजूला कारकून आणि भिंतीला लागून मोजणीकाका, मांडीवर टोपी. समोर खुर्च्यांवर आमचा जवळजवळ अख्खा रस्ता. पंखा होता पण तो फक्त कारकुनाच्या कागदांना लागत होता, आणि ते कागद धरण्यातच त्यांचा वेळ जात होता. आमच्या आधी कोणाची हरकत गटाराच्या उताराबद्दल होती आणि ती खूप वेळ चालली. मग कारकुनानं आमचा क्रमांक वाचला आणि आईनं मला कोपरानं ढोसलं.

मी उभी राहिले. पहिलं वाक्य कुजबुजच आलं. अभियंताबाई म्हणाल्या, "ऐकू येत नाही बेटा." मग मी मैदानाच्या टोकाकडे बघून बोलतात तसं बोलले, आणि कारकुनानं दचकून कागद सोडले.

मी भिंतीचं सांगितलं. अठ्ठावन्न आणि एकेचाळीस. नियमातलं वाक्य वाचून दाखवलं.

मोजणीकाका उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "बाई, पंचवीस वर्षं चाक फिरवतोय मी. एक वीत सोडलेली नाही."

"काका, तेच तर," मी म्हणाले. "थोडी सोडायला हवी होती."

सगळं दालन हसलं. आणि मला लगेच कसंतरी झालं, कारण काका हसले नाहीत. ते टोपीकडे बघत होते. हा माणूस आमच्या भिंतीच्या प्रत्येक कोपऱ्यात वाकून गेला होता. मी म्हणाले, "काका, आमचं घर इतकं नीट कोणीच पाहिलेलं नाही. बाबांनीसुद्धा नाही. फक्त ते भिंतीचं माप झालं. यांना हद्दीचं हवं होतं."

"हे खरं आहे," मागून बाबा म्हणाले. "मला दात नऊ आहेत हे आत्ता कळलं."

काकांनी हात पुढे केला. मी नोटीस दिली. ते ओठ हलवत वाचत होते, बोट ओळीखालून सरकवत. सरळ रेषेत, या शब्दांपाशी बोट थांबलं. मग अभियंताबाईंकडे वळून अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, "चूक माझी आहे. लिहून घ्या."

अभियंताबाईंनी लिहून घेतलं. मग चष्मा वर करून आमच्या रस्त्याकडे पाहिलं. "पण यांचं कमी झालं की बाकीच्यांचं वाढेल. तुम्हा लोकांना ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "तिचं अजून संपलेलं नाही. ऐका पुढं."

मग मी टाकीचं सांगितलं. बेरीज सांगितली, दोन बाजू, चोवीस दोऱ्या, शेवटच्या तीन. अभियंताबाईंनी नकाशा उलगडला. कारकुनानं त्यांच्या कानात काहीतरी म्हटलं.

"टाकी नगरपालिकेची आहे," त्या म्हणाल्या. "नगरपालिका स्वतःलाच बिल कसं पाठवणार?"

"पोस्टानं," काकू म्हणाल्या. "आम्हाला पाठवलं तसंच."

या वेळी मोजणीकाकासुद्धा हसले, आणि अभियंताबाईंनी हसू लपवायला नकाशा जरा वर धरला. मग त्यांनी तो नियम स्वतः वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. "रस्त्यास लागून असलेल्या प्रत्येक मिळकतीची," त्या म्हणाल्या आणि प्रत्येक या शब्दावर पेन टेकवलं. "काका, टाकी रस्त्याला लागून आहे?"

"आहे बाई. कुंपण सरळ आहे. चाक तिथं नेलं नाही, कारण मला वाटलं, घरचीच आहे."

"उद्या न्या."

निकाल त्या दिवशी लागला नाही. हिशेब विभागाला विचारावं लागेल, आठ दिवसांत कळवू, असं त्या म्हणाल्या. ते आठ दिवस मी कसे काढले ते विचारू नका. आईनं त्या आठ दिवसांत दुकानातली सगळी हत्यारं तेलानं पुसली, खडूच्या आकृत्या पुन्हा गिरवल्या. ती कशाची तयारी करते आहे, राहायची की सोडायची, ते मला कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. मोजणीकाका दुसऱ्याच दिवशी आले. आमच्या भिंतीसमोर त्यांनी हद्दीच्या दोन टोकांना दोन खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली आणि सुतळीखालून चाक नेलं. प्रत्येक खाचेसमोरून जाताना त्यांची मान आत वळत होती, पण चाक वळलं नाही. एकेचाळीस टिक्.

नवी यादी गुरुवारी आली. बत्तीस मिळकती. बत्तिसावी, पाणीपुरवठा विभाग, साठ मीटर.

आईनं आमच्या नावासमोरचा आकडा वाचला, कागदाची घडी घातली, कामाच्या कोटाच्या खिशात ठेवली आणि हात न पुसताच रस्ता ओलांडला. मी मागोमाग. औषधवाले गोळ्यांची पाकिटं लावत होते.

"खोली विकायची नाही," आई म्हणाली.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून एक क्षणभर सगळी कपाटं उतरलेली मला दिसली. मग त्यांनी पाकीट जागेवर ठेवलं. "नोटीस माझीही कमी झाली वहिनी. पोरीनं चांगलं केलं. मुलीच्या सायकलचं पायडल कुरकुरतंय बघा. पाठवतो."

रस्त्याचं काम महिनाभर चाललं. धूळ, खडी, डांबराचा वास आणि इतका गोंगाट की तिसऱ्या खाचेतल्या आजोबांना न बोलायला कारणच मिळालं. शेवटचा थर घातला त्या दिवशी दोन्ही टोकांना पिंपं लावून रस्ता बंद ठेवला होता. संध्याकाळी मजूर गेले. सगळे आपापल्या दारात उभे राहून बघत होते, पण काळ्याभोर, कोऱ्या रस्त्यावर पहिलं पाऊल टाकायला कोणी धजत नव्हतं. गार झालाय, पाय ठेवायला हरकत नाही, असं मुकादम जाताना सांगून गेला होता, तरीही.

दुकानात औषधवाल्यांच्या मुलीची सायकल तयार होती. आईनं ती उचलून बाहेर आणली, पायडल हातानं फिरवलं, डोळे मिटून ऐकलं.

"आता कुरकुरत नाही," मी म्हणाले.

"बसल्यावर कळतं," आई म्हणाली. "मागे बस. वजन पाहिजे."

आईला सायकलवर बसलेली मी कधीच पाहिली नव्हती. हजारो सायकली तिच्या हातून गेल्या, पण चालवून बघायला ती नेहमी गिऱ्हाइकालाच पाठवते. सुरुवातीला आम्ही चांगल्याच डुललो आणि काकू ओरडल्या, "पडाल गं दोघी." मग सायकल सरळ झाली. आईनं वेग घेतला. आमची भिंत गेली, डॉक्टर गेले, लाँड्री गेली, बाबा इस्पितळातून येत पिंपापाशी थांबले होते ते हात वर करून काहीतरी म्हणाले. मी आईच्या कमरेला धरलं होतं आणि ती हसत होती ते मला तिच्या पाठीतून कळत होतं.

"आई, पुलापाशी वळायचं ना?"

"वळू की," ती म्हणाली आणि आणखी जोरात पाय मारायला लागली.